कोळशीला देवी आल्या

माझ्या तोंडाला लोक भितात, त्येला माझा इलाज न्हाय. गंगावेशीत मासळीची पाटी घिऊन बसणारी बाई गोड बोलाय लागली, की गिऱ्हाईक मासा हुंगून बघतंय. एवढी गोड बोलतीया म्हंजे माल कालचा असणार, असं त्येच्या मनात येतंय. म्हणून मी पहिल्यापासनं शिव्या घालतच मासा विकला, आणि चिमणा भोईणीचा मासा ताजा असतोय हे कोल्हापुरात सगळ्यास्नी ठावं व्हतं.

ही गोष्ट महाराजांच्या राज्यातली. प्लेगाचा पहिला फेरा येऊन गेलता, त्येच्या तिसऱ्या सालची. माळावरच्या झोपड्या सोडून लोक घरात परत आलते, आणि त्यांच्यासंगं भ्या बी परत आलतं. कुठं उंदीर मेला, कुठं पोराला कणकण आली, की गल्ली दारं लावून बसायची. त्या उन्हाळ्यात आमच्या भोई गल्लीत दोन पोरास्नी देवी आल्या. दोन्ही वाचली, पण तवापासनं बायास्नी भिताडाच्या पोपड्यात सुदिक देवी दिसाय लागल्या.

आता कोळशी म्हंजे काय, ते सांगते. हातभर लांब मासा. पाठ काळपट, अंगावर चांदीगत टपोरी खवलं, तोंडाच्या दोन कडंला दोन बारक्या मिश्या. तोंड उघडून बघा, एक दात गावायचा न्हाय. दात हाईत, पण घशात. नदीच्या तळाचं शिंपलं, गोगलगायी, किडं गिळायचं आणि घशात रगडायचं, अशी त्येची तऱ्हा. एरवी खोल डोहात पडून असतोय. पण मिरग सरला आणि नदीला तांबडं पाणी आलं, की त्येच्या अंगात काय येतंय देव जाणं, झुंडीच्या झुंडी उलट्या पाण्यात चढाय लागत्यात. त्येलाच आमी चढणीचा मासा म्हणतो. हे चालतंय तीन आठवडं, लई तर महिना. तेवढ्यात माझा नवरा ज्ञानू चिखलीच्या प्रयागापाशी, नद्यांच्या संगमात, जाळं टाकायचा आणि मी पाट्या भरभरून विकायची. वरीसभर आमच्या चुलीत जे शिजायचं ते ह्या तीन आठवड्यांच्या जिवावर.

ह्या दिसांत काही कोळश्यांच्या नाकाडावर पांढरं, बारीक, टणक खडं उठत्यात. जोंधळ्याच्या कण्या चिकटल्यागत दिसत्यात. आमच्या भोयांनी ते कधी मनावर घेतलं न्हाय. मी मातर रोज पन्नास मासं कापणारी. मला ठावं व्हतं, की खडंवाला कापला की पोटात पांढरं दूध निघतंय, आणि बिनखड्याची कापली की अंड्यांची गाबोळी. म्हंजे खडं नराला येत्यात, मादीला न्हाय. हे मला कुणी शिकवलं न्हवतं, इळीनं शिकवलं. पण कुणाला सांगावं असं बी कधी वाटलं न्हाय, कारण इचारतंय कोण?

माझ्या शेजारी अंबूबाई बसायची. ती कोकणातनं घाटावर आलेलं बोंबील आणि सुकट विकायची. आमचं कधी पटलं न्हाय. पावसाळ्यात तिचा माल सादळायचा आणि माझा ताजा फडफडायचा, मग पटंल कसं? मागनं लोक म्हणाले, की म्होरं जे झालं ते तिनं मुद्दाम केलं. खोटं का सांगू, तिनं मुद्दाम केलं न्हाय. तेच तर माझ्या डोसक्यात जातंय. मुद्दाम केलं असतं तर मी झिंज्या तरी धरल्या असत्या.

त्या साली चढण सुरू झाली आणि एका सकाळी मी पाटी उतरली. वरच एक दांडगी कोळशी तडफडत व्हती. अंबूबाई वाकून बघाय आली, कारण दुसऱ्याच्या पाटीत बघितल्याबिगर तिचा दिस सुरू व्हत न्हाय. वाकली ती वाकलीच. मंग हात जोडलं आणि डोळ्यांतनं घळाघळा पाणी.

"चिमणे," ती म्हणाली, "आई आल्यात गं."

"कुणाची आई?"

"तोंडावर बघ की. आमच्या नातवाला अशाच उठल्या व्हत्या."

त्या दोन पोरांतलं एक तिच्याच घरचं व्हतं, म्हणून तिला रागवावं तरी कसं. मी म्हटलं, "अंबे, खडं हाईत ते, दर साली येत्यात." पण तंवर पाटीभवती पंधरा बाया जमल्या व्हत्या. एकीनं हातातली कोळशी पाटीत टाकली आणि त्योच हात पदराला पुसत मागं सरली. दुसरीनं तर मासा टाकला आणि नमस्कार केला. घटकाभरानं कालचं गिऱ्हाईक बी याय लागलं. तालमीतला एक पैलवान कालवणाचं भगुलं घिऊन आला, माझ्या म्होरं ठेवलं, आणि भगुल्याच्या पाया पडून गेला.

दुपारी गल्लीची बैठक बसली. आमचं पंच आकारामतात्या. माणूस सरळ, पण इचार कराय डोळं मिटायचा आणि डोळं मिटलं की त्येला झोप लागायची, म्हणून त्येचा निकाल लांबायचा. त्या दिशी बी लांबला. शेवटी डोळं उघडून म्हणाला, "आई ह्या साली नदीच्या वाटंनं आलीया. ती जाईस्तवर कुणी कोळशी धरायची न्हाय, कापायची न्हाय. आणि गल्लीत फोडणी द्यायची न्हाय."

देवी आलेल्या घरात फोडणी देत न्हाईत, हे सगळ्यास्नी ठावं हाय. पण इथं अख्ख्या गल्लीची फोडणी बंद झाली, ती एका माशापायी. त्यो मासा तर अजून जित्ता व्हता. त्येला घंगाळात घातला, भवतीनं लिंबाचा पाला लावला, म्होरं दहीभात ठेवला. त्येनं खाल्ला न्हाय, तर बाया म्हणाल्या, की आईला रुचना. मंग वाजत गाजत घाटावर नेला आणि पाण्यात सोडायच्या आधी हिरव्या खणानं आणि नारळानं त्येची वटी भरली.

"तात्या," मी म्हटलं, "नर हाय त्यो. नराची वटी भरताय?"

"चिमणे, आईला नर म्हणतीस?"

सगळ्या बायांनी कानांवर हात ठेवलं.

"मला एक खडंवाला कापू दे," मी म्हटलं. "पोटात काय हाय ते दावते. दूध निघालं तर नर, आणि हे खडं दर साली नरालाच येत्यात. देवी-बिवी काय न्हाय."

"आई आलेल्याला कापणार?"

"कापल्याबिगर कळणार कसं?"

"कळायचं कशाला?" तात्या म्हणाला.

मी पदर झटकला आणि घरी आले.

चार दिस गेलं. नदी भरून वाहत व्हती. ज्ञानू घाटावर जाऊन बसायचा आणि घरी येऊन सांगायचा, "आज लई चढतीया." मला ते ऐकवत न्हवतं. वरीसभराचं खाणं आमच्या डोळ्यांम्होरनं वर चाललंतं आणि आमी बिनफोडणीचं वरण खात बसलोतो. पाचव्या दिशी मी पदर खोचला आणि अमीनसाबाच्या घरला गेले.

अमीनसाब मुजावर हा दरबाराकडनं नेमलेला देवी टोचणारा. वाळका, उंच, कायम थकलेला. त्येची पिशवी गल्लीच्या तोंडाशी दिसली, की पोरं माळ्यावर आणि आया परड्यात. टोचलं की पोराच्या दंडाला फोड उठायचा, ताप यायचा. लोक म्हणायचं, बरं असलेल्या पोराच्या अंगात ह्यो आपल्या हातानं आई घालतोय. मी सुदिक त्यातलीच. तीन वरसांमागं माझ्या लेकीला टोचाय आलता, तवा मी शेपटीला धरून मरळ हाणली व्हती त्येच्या तोंडावर.

दार हुसेनबीनं उघडलं, त्येच्या बायकूनं. "कोण पायजे, आक्का?"

"मी चिमणाबाई. भोई गल्लीतली."

तिनं दार निम्मं लावून घेतलं. "मरळवाली?"

"व्हय," मी म्हटलं. "पण आज हात रिकामं हाईत."

आत घेतलं. अमीनसाबानं सगळं ऐकून घेतलं. वटी भरल्याचं सांगितलं तवा त्येनं तोंडाला उपरणं लावलं आणि खोकल्याचं नाटक केलं. मंग म्हणाला, "आक्का, माणसाच्या देवी माशाला होत न्हाईत. बावीस वरसं मी देवीच बघतोय. पण हे मी सांगून काय उपयोग? माझं कोण ऐकतंय? तुमी तरी ऐकलं का?"



त्येनं पिशवीतली सुई काढून पुसाय घेतली. मंग इचारलं, "पोराला टोचल्यावर फोड उठतोय, तवा तुमच्या बाया काय करतात?"

"लिंब बांधत्यात. दहीभात घालत्यात. बारकी आई हातात आली म्हणत्यात."

"मंग झालं की. ज्येच्या हातात आई आली, त्येनं आईला हात लावला, तर अडवणार कोण?"

मला उमगलं, सुई मलाच टोचून घ्यायची व्हती. लोकास्नी वाटतंय, दिसभर इळीवर बसणाऱ्या बाईला सुईचं काय भ्या? पण इळी माझ्या हातात असती आणि सुई दुसऱ्याच्या. मला लहानपणापासनं काटा काढून घ्यायचं बी भ्या वाटतंय. हे मी कुणाला सांगितलं न्हवतं, आता सांगते.

आमी तात्याकडं गेलो. तात्यानं डोळं मिटलं. आमी थांबलो. हुसेनबीनं संगं दिलेलं फुटाणं अमीनसाबानं आणि मी खाल्लं, तवा कुठं तात्या जागा झाला. "बरुबर हाय," त्यो म्हणाला. "आई आईचं बघून घील. पण नुसतं टोचून भागायचं न्हाय. फोड उठाय पायजे. आई आली हे गल्लीला दिसाय पायजे."

"किती दिस लागत्यात?" मी इचारलं.

"आठ," अमीनसाब म्हणाला.

"आठ दिसांत निम्मी चढण सरती की."

"आईला घाई करता येत न्हाय," तात्या म्हणाला.

दुसऱ्या दिशी घाटाच्या पायरीवर, सगळ्या गल्लीच्या देखत, अमीनसाबानं माझा दंड धरला. मी वरडले न्हाय. वरडले म्हणणारी अंबूबाई हाय, आणि ती बऱ्याच गोष्टी म्हणती. एवढं खरं, की ज्ञानूच्या मनगटाला मी धरलं व्हतं आणि त्येचं मनगट चार दिस काळंनिळं व्हतं.

मंग रोज सकाळी गल्ली माझ्या दारात. "दाव बघू दंड." तिसऱ्या दिशी तांबडा ठिपका आला. पाचव्याला पाणी धरलं, आणि मी देवी झाले. आठव्याला टपोरा फोड उठला.

खरं सांगते, तसले दिस मला परत कधी लाभलं न्हाईत. दाराला लिंबाचं डहाळं. ज्ञानू सोप्यात झोपायचा आणि आत याय आधी इचारायचा. बाया येऊन पाया पडायच्या. मी शिवी दिली की हात जोडायच्या, "कोपू नका आई." अंबूबाई शेजारी बसून लिंबाच्या डहाळीनं वारा घालायची.

"अंबे," मी म्हटलं, "तुझ्या बोंबलांचा वास मारतोय."

"व्हय आई."

"सादळल्यालं बोंबील तू उन्हात घालून ताजं म्हणून विकतीस."

"व्हय आई, चुकलं."

एवढं खरं तिनं जन्मात कबूल केलं न्हवतं. वाईट एवढंच, की माझ्या घरात बी फोडणी न्हवती, आणि दहीभात खाऊन खाऊन माझी जीभ मेली व्हती.

नवव्या दिशी घाटावर पाय ठेवाय जागा न्हवती. गंगावेस आलती, शुक्रवार पेठ आलती, कालवणाचं भगुलं ठिऊन गेलेला पैलवान बी आलता. तात्याच्या परवानगीनं ज्ञानूनं सहा कोळश्या धरून आणल्या, तीन खडंवाल्या आणि तीन बिनखड्याच्या. अमीनसाबानं आधी भिंग काढलं. एकेकाचं नाकाड बघितलं. मंग नखानं एक खडा उचकटला आणि तळहातावर घिऊन सगळ्यांम्होरनं फिरवला.

"देवीच्या फोडात पाणी असतंय," त्यो म्हणाला. "चिमणाबाईंच्या दंडाला हाय, बघा. ह्यात पाणी न्हाय, लस न्हाय. नखागत कडक खडा हाय ह्यो."

लोक माझ्या दंडाकडं बघाय लागलं, मंग खड्याकडं. तात्यानं मान हलवली. मी इळीवर बसले.

पहिला खडंवाला कापला. दूध. बिनखड्याची कापली. गाबोळी, पिवळी धमक, मुठीत मावंना. दुसरा खडंवाला, दूध. दुसरी, गाबोळी. पाचव्याला माझ्या कपाळावर घाम आलता, कारण पन्नासात एखादा मासा असा बी असतोय की त्येच्या पोटात काहीच नसतंय, आणि त्यो नेमका आजच निघायचा. पण न्हाय. सहाच्या सहा बरुबर निघाल्या. पैलवान म्हणाला, "च्या मायला, मंग माझं कालवण गेलं की फुकट."

इथं मी गप बसायला पायजे व्हतं. नर हाय, देवी न्हवं, झालं, पाटी उचल आणि घरी जा. पण एवढी माणसं आपल्या तोंडाकडं बघत असली, की माझं तोंड मला आवरत न्हाय. शिवाय चार दिस देवी असल्याची सवय लागली व्हती.

"बघितलंसा?" मी म्हटलं. "ही आई न्हवं. ह्यो नवरा हाय, नवरा. लगीन ठरलंय त्येचं. हे खडं न्हाईत, ह्या मुंडावळ्या हाईत. वरच्या अंगाला, थंड वाहत्या पाण्यात, गोट्या-रेतीत त्येचं लगीन लागायचं हाय. म्हणून तर भरल्या पुरात उलटा चाललाय. वाटंत खात न्हाय, पीत न्हाय, खडकावर आपटतोय, परत उठतोय. नवरी पोटूशी हाय, ती संगं चाललीया. तिथं ती अंडी टाकणार, ह्यो त्येच्यावर दूध सोडणार, आणि मंग दोघं माघारी. लगीन झालं की मुंडावळ्या आपोआप गळून पडत्यात. असा मासा हाय ह्यो, आणि तुमी त्येची वटी भरताय."

लई छान बोलले. मला बी वाटलं, छान बोलले. काही बायांच्या डोळ्यांत पाणी आलं.

अंबूबाई म्होरं आली. "म्हंजे हळद लागल्याली हाय त्येला?"

"लागल्याली न्हवं तर काय. मुंडावळ्या काय हळदीआधी बांधत्यात?"

"आणि तू त्येला वाटंवर कापलंस?"

मी इळीवर बसलेली, कोपरापातुर रगत, म्होरं तीन नवरं आणि तीन गरवार नवऱ्या कापून ठेवल्याल्या.

तात्यानं डोळं मिटलं. ह्या खेपंला त्येला झोप लागली न्हाय. "चिमणे," त्यो हळूच म्हणाला, "हळद लागल्यावर आपुन नवऱ्याला एकल्याला परसाकडं सुदिक सोडत न्हाय. हातात कट्यार देतो, की वाटंत काय आडवं येऊ नये. आणि तू इळी घिऊन त्येच्या वाटंवर बसलीयास."

"तात्या, मासा हाय त्यो."

"मघाशी नवरा व्हता."

"ते समजून सांगायला म्हटलं मी."

"समजलं की," तात्या म्हणाला, आणि सगळ्या घाटानं माना हलवल्या. "आमास्नी कुणालाच ठावं न्हवतं. तू सांगितलंस, बरं केलंस. आता वऱ्हाड वर जाऊन लगीन लागून माघारी येईस्तवर कोळशीला कुणी जाळं लावायचं न्हाय. नारळी पुनवंपातुर. फोडणी द्याया मातर आता हरकत न्हाय."

आधी देवी जायची वाट बघायची व्हती, म्हंजे अजून आठ-धा दिस. आता सगळी चढणच गेली, आणि ती माझ्या तोंडानं गेली. अमीनसाब पायरीवर खाली बसला आणि उपरण्यात तोंड घालून हसाय लागला. ह्या खेपंला त्येनं खोकल्याचं नाटक बी केलं न्हाय. त्येचं बरं झालं. मी टोचून मेले न्हाय हे गल्लीनं बघितलं व्हतं, तर दुसऱ्या दिशी सात बाया आपली पोरं घिऊन त्येच्या दारात उभ्या राहिल्या. माझ्या दारात कोण येणार? अंबूबाई तेवढी आली आणि म्हणाली, "तू म्हणून कळलं गं. न्हायतर आमी वरसानुवरसं नवरं खाल्लं असतं."

त्या साली आमी काय खाऊन दिस काढलं ते इचारू नका. अंबूबाई रोज मूठभर सुकट दारात ठिऊन जायची. ती बी मला गिळावी लागली.

घाटावरनं परतल्यावर मी तीन दिस कुणाशी बोलले न्हाय. राग कुणाचा करावा तेच कळंना. तात्याचा करावा, तर त्यो माझंच बोलणं मला सांगत व्हता. ज्ञानू काय बोलायचा न्हाय, त्यो जन्माचा अबोल. कणगीत हात घालून बघायचा आणि हात झटकून बाहेर काढायचा.

चौथ्या दिशी दिस उगवायच्या सुमारास त्यो परड्याच्या दारानं आत आला. डोईवर पाटी, वर एरंडाची पानं. पानं बाजूला केली तर खाली वीस-पंचवीस कोळश्या, सगळ्या जित्त्या.

"काप," त्यो म्हणाला. "वडणग्याच्या बाजारात नेऊन विकतो. तिथं कुणाला काय ठावं न्हाय."

त्येचं बरुबर व्हतं. मी इळी मांडली. हात घातला आणि वरचा उचलला. नर व्हता. एवढी वरसं मी मासा हातात घेतला की पोटच बघायची, कुठनं चिरायचं ते. त्या दिशी कशाला कुणास ठाऊक, तोंड बघितलं. पांढरं खडं एका ओळीत, कुणीतरी सकाळी बसून नीट बांधल्यागत. तोंड उघडायचा आणि मिटायचा. मी त्येला खाली ठेवला आणि दुसरी घेतली. तिचं पोट टच्च भरलं व्हतं. तिला बी ठेवली. तिसरा घेतला, तर त्येच्या बी मुंडावळ्या. मला रडू आलं, रागानं आलं. चुलीत घालायला काय न्हाय, आणि माझा हात इळीवर जाईना. माझ्याच तोंडानं बोललेलं माझ्याच हाताला ऐकू गेलंतं.

"चिमणे, काप की," ज्ञानू म्हणाला. "दिस वर येतोय."

"पाटी उचल."

"कुठं?"

"नदीवर. सोडून यायच्यात."

"येडी का खुळी? मासं हाईत ते. आणि गल्ली अजून उठली न्हाय. कोण बघतंय?"

"मी बघतीया की," मी म्हटलं, आणि पाटीची एक कड धरली.